मुखपृष्ठाने दिलेला शब्द

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयांचे कार्यकर्ते आणि वाचकमित्रहो,

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात शिरलेला माणूस लेखकाचे नाव वाचण्याआधीच ही कादंबरी ऐतिहासिक, ही रहस्यकथा, हा कवितासंग्रह अशी वाटणी मनोमन करून मोकळा झालेला असतो. ती तो कशाच्या आधारे करतो आणि ती चुकली की पुस्तकाचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

ही सवय किती खोल जाऊ शकते ते इटलीत दिसते. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने 1929 मध्ये पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला काढली आणि ती इतकी रुजली की इटालियन माणूस आजही रहस्यकथेला ‘जाल्लो’, म्हणजे नुसते ‘पिवळे’, म्हणतो. इंग्लंडात पेंग्विनने 1935 मध्ये कथात्म साहित्याला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा आणि चरित्राला निळा रंग ठरवून दिला. मुखपृष्ठावर प्रसंगचित्राची गरजच उरली नाही.

मराठीत अशी रंगांची शिस्त कधी आली नाही. आपल्याकडे ही खूणभाषा चित्रकारांनी घडवली. दीनानाथ दलालांची ठाम रेषा किंवा रघुवीर मुळगावकरांचा गुळगुळीत छायाप्रकाश पाहिला की वाचकाला पुस्तकाची जात कळे. ज्या हाताने दिनदर्शिकेवरचे देव रंगवले त्याच हाताने रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली आणि वाचकाला त्यात काही वावगे वाटले नाही, हे मला फार मौजेचे वाटते. चित्राइतकेच काम अक्षरे करतात. ऐतिहासिक कादंबरीचे नाव बोरूच्या जाड-बारीक वळणाने येते आणि शिरोरेषेला हमखास तलवारीची धार असते. रहस्यकथेची अक्षरे तिरकी होतात. कवितासंग्रहाचे नाव बारीक टायपात एका कोपऱ्यात बसते आणि उरलेला कागद मोकळा सोडलेला असतो. हा सारा वाचकाला दिलेला शब्द असतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे. मराठवाड्यातील कादंबरी म्हटली की भेगाळलेली जमीन, निष्पर्ण झाड आणि पाठमोरा शेतकरी, हे समीकरण मुखपृष्ठांवर पक्के झाले आहे. चित्र जरा जवळून पाहा. बशीसारख्या कडा वर वळलेल्या त्या खपल्या शेताच्या नसतात, आटलेल्या तलावातील गाळाच्या असतात. आपली काळी माती भेगाळते हे खरे, पण चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही ती भेगाळते. भारी काळ्या जमिनीचा तो स्वभावच आहे. म्हणजे शहरातील वाचकाला जी दुष्काळाची खूण वाटते, ती इथल्या कुणब्याला एरवीचा उन्हाळा वाटू शकते. झाड बाभळीचे असेल तर आणखी पंचाईत, कारण बाभूळ कडक उन्हातही सहसा पानांनी उघडी पडत नाही.

तपशिलाची ही चूक सोसता येईल. अपेक्षेची चूक सोसत नाही. उद्या कोणी लातूरच्या शिकवणी वर्गांच्या जगावर, बाजार समितीच्या निवडणुकीवर किंवा संस्थाचालकाच्या दरबारावर तिरकस, हसवणारी कादंबरी लिहिली आणि तिच्यावर त्याच भेगा छापल्या, तर वाचक दुःख ऐकण्याची तयारी करून पुस्तक उघडणार. पहिल्या प्रकरणातील विनोद त्याला दिसणार नाही, किंवा दिसला तर तो लेखकाचा उथळपणा वाटेल. आणि ज्याला विनोद हवा आहे तो या पुस्तकाला हातच लावणार नाही. ‘ग्रामीण’ हा शिक्का समीक्षकांनी मारला असे आपण म्हणतो, पण त्यांनी पुस्तक वाचण्याआधी तो पुष्कळदा मुखपृष्ठाने मारलेला असतो.

असे घडण्यामागे कोणाचा दुष्टपणा नाही. चित्रकाराच्या हाती बहुधा शीर्षक आणि पाच-दहा ओळींचा सारांश पडतो, मुदत थोडी असते आणि इंटरनेटवर ‘दुष्काळ’ शोधले की त्याच खपल्या समोर येतात. शिवाय पुस्तके आता मोबाइलवर विकली जातात. अंगठ्याएवढ्या चित्रात बारकावा टिकत नाही, म्हणून ठळक आणि ओळखीची खूणच निवडली जाते.

आपल्या ग्रंथालयांत मात्र एक निराळी गोष्ट घडते. फार फिरलेली प्रत बांधणीला जाते आणि मुखपृष्ठ गमावून पुठ्ठा-रेक्झिनचा कोट घालून परत येते. मग कपाटात सगळी पुस्तके सारखीच दिसतात आणि वाचक ग्रंथपालाला विचारतो, ‘‘दादा, हे कसं आहे?’’ तिथे मुखपृष्ठाचे काम ग्रंथपालाकडे येते आणि पुस्तक वाचलेला ग्रंथपाल ते चित्रकाराहून चोख करतो. तरीही कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की बांधणीवाल्याला मूळ मुखपृष्ठ फेकू देऊ नका, ते आतल्या पानावर चिकटवून घ्या. ते फसवे असेल तरी हे पुस्तक कोणासाठी आणि काय म्हणून बाजारात मांडले गेले होते, याचा तोच पुरावा असतो. आणि प्रकाशक इथे बसले असतील तर त्यांनी चित्रकाराकडे सारांशाऐवजी निदान दोन प्रकरणे पाठवावीत. त्यातले एक मधले असावे.