खाणीतले पाणी आणि सहीचा कागद

मंडळी, पावसाळ्यात समुद्र खवळला की स्कुबाच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि शिकवणीसाठी हॉटेलातला तलाव शोधला जातो. कोणाच्या भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, चिऱ्यांची जुनी खाण पाण्याने भरलेली असेल, तर तिचीही चौकशी होते. अशाच एका भाटकाराने, म्हणजे जागामालकाने, माझ्यासमोर एक वेव्हर ठेवला होता: अपघात झाला तर दावा करणार नाही, असे पर्यटकाकडून लिहून घेतलेला कागद. दोन पाने बारीक इंग्रजी, खाली सही, आणि ओल्या अंगठ्याने शाई पसरलेला कोपरा. ‘आता मला काळजी नाही ना?’ असे त्यांनी विचारले. मी कागद दोनदा वाचला. त्यात भाटकाराचे नावच नव्हते. करार झाला होता तो डायव्हिंग शिकवणारा आणि पर्यटक यांच्यात, आणि आपल्याकडे जो कराराचा पक्ष नाही त्याला सहसा त्या कराराचा आधार घेता येत नाही.

नाव घातले असते, तरी प्रश्न सुटला नसता. ‘माझ्या जोखमीवर’ या शब्दांना न्यायालयात वजन येते ते जोखीम सही करणाऱ्याला ठाऊक असेल तेव्हा. तळाशी पडलेली गंजकी सळई किंवा वर चढायला शिडी नसलेला उभा कडा जागामालकाला माहीत होता आणि त्याने सांगितला नाही, तर सही करणाऱ्याने नेमके काय पत्करले? शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २८ नुसार, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे काढून घेणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. वेव्हरमधल्या एखाद्या अटीची भाषा संदिग्ध असेल, तर अर्थ कागद तयार करणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. निष्काळजीपणाने जीव गेला, तर फौजदारी जबाबदारी कोणत्याही खाजगी कागदाने पुसली जात नाही.

‘तलाव उथळ आहे, त्यात काय होणार’ हे वाक्य मी फार ऐकले आहे. तीन मीटर खोलीवर सिलिंडरमधली हवा छातीभर घेऊन, घाबरून, श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा सुमारे ३० टक्क्यांनी फुगायला बघते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. ‘वर येताना श्वास रोखू नका’ ही सूचना म्हणूनच कागदाच्या पहिल्या ओळीत, सही करणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत हवी. दमा, हृदयविकार, फिट येणे यांबाबतचे प्रश्नही शिक्षकाने समोर बसून विचारावेत. पर्यटक कपडे बदलत असताना फॉर्म पुढे सरकवणे म्हणजे विचारणे नव्हे.

मग वेव्हर निरुपयोगी का? तसे मी म्हणणार नाही. कोणता धोका सांगितला आणि पर्यटकाने प्रकृतीविषयी काय उत्तर दिले, याचा तो चांगला पुरावा असतो. फक्त चौदा वर्षांच्या मुलाची सही तिथे घेऊ नका: अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्येच ठरवले आहे. त्या भाटकाराला मी तळाचा नकाशा काढायला लावला. सळई कुठे आहे ते त्यांनी न अडखळता दाखवले.