परतीची वाट

(येळ्ळूर येथे आयटीआय आणि बारावी झालेल्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

टेबलावरचे हे दोन डबे, म्हणजे एका जाळ्यातली माहिती दुसऱ्या जाळ्यात पोचवणारे राउटर, आधी जवळ येऊन बघून घ्या. जुने आहेत, भंगाराच्या भावात मिळालेत, पण शिकायला यांच्यासारखा मास्तर नाही. मागं ही निळी केबल लागलीय तो कन्सोल पोर्ट. नवा राउटर कुणाला ओळखत नाही, त्याला पत्ताच नसतो. म्हणून पहिल्यांदा या केबलनंच त्याच्याशी बोलायचं. या केबलला लागणारं सिरियल पोर्ट लॅपटॉपला आता नसतं, त्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो. वेग ९६०० ठेवायचा. तो चुकला की पडद्यावर कचरा दिसतो आणि पोरं म्हणतात राउटर जळला. जळलेला नसतो.

तुम्हाला वाटतं राउटरला सगळ्या जगाची वाट पाठ असते. अजिबात नाही. चंदगडला जायचंय म्हणून हिंडलग्यात विचारलं, तर माणूस सुळग्याकडं बोट करतो. सुळग्यातला बाचीकडं करतो, बाचीतला शिनोळीकडं. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, पण बोट दाखवणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याला पुढचा थांबा ठाऊक, बस्स. राउटरही एवढंच करतो. त्याच्याकडं एक तक्ता असतो, राउटिंग टेबल म्हणतात. पॅकेट म्हणजे वर पत्ता लिहिलेला माहितीचा छोटा तुकडा, गाव म्हणजे एखादं नेटवर्क, आणि दार म्हणजे राउटरला केबल लागते ती जागा. या गावाचं पॅकेट आलं तर या दारानं, पुढं अमक्याच्या हाती द्यायचं. तक्त्यात नसलेल्या गावासाठी एक सरसकट ओळ असते, डिफॉल्ट रूट. तीही नसेल तर पॅकेट तिथंच टाकून देतो.

इथंपर्यंत कुठल्याही क्लासात सांगतात. माझं घोडं जिथं अडलं ते सांगतो.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा गोकाक तालुक्यात. मधे भाड्याची लीज्ड लाइन. मी नवाच. बेळगावच्या संगणकांना १९२.१६८.१.० हे नेटवर्क, शाखेला १९२.१६८.७.०, आणि मधल्या लाइनीची दोन टोकं १०.१.१.१ आणि १०.१.१.२. शाखेच्या राउटरवर बसून मी वाट लिहिली. ओळ अशी: आयपी रूट १९२.१६८.१.० २५५.२५५.२५५.० १०.१.१.१. म्हणजे बेळगावला जाणारं सगळं पलीकडच्या टोकाच्या हवाली कर. मधलं २५५.२५५.२५५.० म्हणजे मास्क: पत्त्याचे पहिले तीन आकडे गावाचे, शेवटचा गावातल्या घराचा. राउटरवरूनच बेळगावच्या सर्व्हरला पिंग मारला, म्हणजे 'ऐकू येतंय का?' असं विचारणारं पॅकेट पाठवलं. उत्तर आलं! चहा प्यालो, शेवटची बस पकडून घरी आलो.

सकाळी फोन. काउंटरवर काहीच चालत नाही. शाखेतले कारकून अण्णा कन्नड बोलणारे, संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. मी म्हटलं, मोडेमचे दिवे बघून सांगा. त्यांनी चष्मा लावला असावा, थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "होगतैति, बरूदिल्ल." जातंय, येत नाही. टीडीचा, म्हणजे पाठवल्याचा दिवा सारखा लुकलुकतोय, आरडीचा, म्हणजे आल्याचा, मात्र दहा सेकंदांनी एकदाच, डोळा मिचकावल्यासारखा.

नंतरच्या सगळ्या वर्षांत इतकं नेमकं निदान मी ऐकलं नाही. तो दहा सेकंदांचा दिवा म्हणजे पलीकडचा राउटर 'मी जिवंत आहे' एवढंच सांगत होता, त्याला कीपअलाइव्ह म्हणतात. म्हणजे लाइन धडधाकट होती. पॅकेट बेळगावला पोचतही होतं. पण उत्तर ही गेलेल्या पत्राची परतीची पावती नसते, ते नवंकोरं पत्र असतं, त्याला स्वतःची वाट लागते. बेळगावच्या राउटरला १९२.१६८.७.० नावाचं गाव कुठं आहे हे मी सांगितलेलंच नव्हतं. त्यानं उत्तर हातात घेतलं, तक्ता बघितला आणि टाकून दिलं.

मग आदल्या दिवशी पिंग कसा झाला? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत विचारतात. राउटरवरून पिंग मारला की पाठवणाऱ्याचा पत्ता पडतो राउटरच्या त्या दाराचा, म्हणजे १०.१.१.२. ते दार बेळगावच्या राउटरला थेट जोडलेलं, न सांगता ठाऊक असलेलं. काउंटरवरच्या संगणकाचा पत्ता ७ च्या नेटवर्कातला, तो त्याला परका. मी घराच्या उंबऱ्यावरून हाक मारून बघितली आणि माजघरातून ऐकू जातं असं धरून चाललो. बेळगावच्या राउटरवर एक ओळ घातली, आयपी रूट १९२.१६८.७.० २५५.२५५.२५५.० १०.१.१.२, आणि शाखा सुरू झाली.

जाता जाता सांगतो, बेळगाव-गोकाक-अथणी पट्ट्यात हे काम करायचं तर कन्नड शिकाच. यात कसला अभिमान आणि कसली लाज? समोरचा माणूस दोष त्याच्या भाषेत सांगतो, आणि तुम्हाला तो निम्माच कळला तर दुरुस्तीही निम्मीच होते. इंग्रजीची मात्र फार धास्ती घेऊ नका. रोज लागणाऱ्या आज्ञा वीस-पंचवीस. त्यातली 'नो शटडाऊन' ही माझी लाडकी. सुरू कर म्हणायला 'बंद ठेवू नकोस' म्हणायचं! या राउटरचं दार मुळात बंद असतं, 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' असं दिसतं. केबल खराब नसते, कुणीतरी मुद्दाम बंद ठेवलंय असा त्याचा अर्थ. नवशिका केबल बदलत बसतो.

घरच्या वायफायच्या डब्यातही परतीचाच खेळ आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी. १०. ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही तसेच. १९९६ मध्ये हे पत्ते कुणीही आपापल्या घरात वापरावेत असं ठरवून दिलं, कारण ३२ बिटांत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. आपल्याकडं मारुती गल्ली किती गावांत आहे मोजा. नुसतं 'मारुती गल्ली' लिहून बाहेरगावाहून पत्र येईल का? तसंच, बाहेरचा सर्व्हर १९२.१६८.१.५ ला उत्तर पाठवूच शकत नाही. म्हणून घरचा राउटर जाणाऱ्या पॅकेटवर स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, आणि कुणाचं पॅकेट कुठल्या पोर्ट नंबरानं (हे केबलचं पोर्ट नव्हे, पॅकेटवरचा एक आकडा) गेलं ते टिपून ठेवतो. उत्तर आलं की टिपण बघून ज्याचं त्याला देतो. याला नॅट म्हणतात.

आता माझी दुसरी फजिती. खानापूर तालुक्यातल्या एका शाखेचा राउटर मी बेळगावात बसून दुरून बदलत होतो. कुणी आत यावं, कुणी नाही याची यादी, ॲक्सेस लिस्ट, दाराला लावायची होती. एका सर्व्हरला परवानगी दिली, एंटर दाबलं, आणि पडदा थिजला. या यादीच्या तळाशी न दिसणारी एक ओळ असते: बाकी सगळ्यांना मनाई. त्या बाकी सगळ्यांत मीही होतो. ज्या दारानं आत गेलो तेच आतून लावून घेतलं.

जून महिना, खानापूरचा पाऊस. बस, मग दोन किलोमीटर चालत, छत्री उलटी. पोचलो, राउटरचं बटण बंद केलं, चालू केलं. झालं काम. कारण बदल मी जतन केलेला नव्हता. चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं, वीज गेली की पुसलं जातं. राउटर उठतो तो एनव्हीरॅममधलं, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतलं, जुनं, जतन केलेलं वाचून. तिथले शिपाईमामा म्हणाले, "एवढंच होतं तर मला फोन करायचा की! मी दाबलं असतं बटण." त्यांना काय उत्तर देणार?

त्या दिवशी जतन न केल्यानं वाचलो. पुढं एकदा दिवसभराचं काम जतन न करता उठलो, रात्री वीज गेली आणि सगळं पाण्यात. तेव्हा क्रम हा: आधी बदल, मग दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत शिरून खात्री, मग जतन करायची आज्ञा, 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. आणि दूरच्या राउटरला हात लावण्याआधी 'रिलोड इन १०' टाकायचं. दहा मिनिटांत तो स्वतःहून बंद होऊन जुन्या स्थितीत उठेल. काम जमलं तर 'रिलोड कॅन्सल'. नाही जमलं तर चहा पीत बसायचं, बस शोधायची नाही. जतन न केलेले बदल असतील तर तो विचारतो, जतन करू का? तिथं 'नो' म्हणायचं. 'यस' म्हटलात तर छत्री काढा.

हे फक्त माझ्यासारख्यांचं होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडं रात्रीची जेवणं चालली असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम गेलं, आठवतंय? देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. चुकीची आज्ञा अडवणारं तपासणीचं साधन होतं, त्यातच दोष निघाला. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांकडं, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्यांकडं, जायच्या वाटा जगातल्या राउटरांच्या तक्त्यांतून नाहीशा झाल्या. दुरून आत शिरायची नेहमीची साधनंही त्याच जाळ्यावर. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली. सुमारे सहा तास गेले. छत्रीचं तेवढं माहीत नाही.

डबे विकत घ्यायची घाई करू नका. पॅकेट ट्रेसर हे सिस्को या राउटर बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दोन राउटर, दोन संगणक मांडा. वर सांगितलेले पत्ते तसेच घाला. परतीची ओळ मुद्दाम गाळा आणि राउटरवरून पिंग होतो, संगणकावरून होत नाही, हे डोळ्यांनी बघा. मग सिम्युलेशन लावा, पॅकेट कुठल्या डब्यापाशी मरतं ते पाकिटाच्या चित्रानं दिसतं. सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्काचे लहान तुकडे पाडायची गणितं पहिल्याच दिवशी घोकू नका, या मांडणीला २५५.२५५.२५५.० सगळीकडं चालतं. मधल्या लाइनीला दोनच पत्ते लागतात, मग २५४ कशाला अडवून ठेवायचे, असं मनात आलं की आपोआप दोनच पत्ते देणाऱ्या २५५.२५५.२५५.२५२ कडं याल.

पुढच्या रविवारी हेच दोन राउटर जोडून ठेवतो. एकातली एक ओळ मी काढून टाकलेली असेल. येताना ज्यांच्याकडं कन्व्हर्टर आहे त्यांनी तो आणा, माझ्याकडं एकच आहे.