एकाच वस्तीत पाच कॅन्सर: क्लस्टर आहे की योगायोग, हे कसं तपासतात?

नमस्कार. एका वस्तीत दहा वर्षांत पाच जणांना कॅन्सर झाला. एकाच ठिकाणी, ठरावीक काळात अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण निघाले, तर त्याला क्लस्टर म्हणतात. शेजारी कारखाना आहे, बोअरच्या पाण्याला वास येतो. दोष पाण्याचाच, असं लोकांना वाटणारच. पण तपास करणारे पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, कॅन्सर कुठला?

कारण कॅन्सर हा एकच आजार नव्हे. स्तनाचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा, रक्ताचा, प्रत्येकाची कारणं वेगळी. जगात साधारण पाचातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो, त्यामुळे वस्तीत पाच वेगवेगळे कॅन्सर दिसणं हे दुर्दैवाने नेहमीचंच. पण पाचही जणांना एकच, तोही दुर्मिळ कॅन्सर असेल, किंवा म्हातारपणी होणारा कॅन्सर तिशीत दिसत असेल, तर मात्र कसून तपास व्हायला हवा.

[स्क्रीनवर: लुइव्हिल, १९७४]

अमेरिकेतल्या लुइव्हिलमध्ये पीव्हीसी बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या तीन कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा, म्हणजे यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, झाल्याचं लक्षात आलं. हा कॅन्सर इतका विरळा, की एकाच ठिकाणी तिघांना होणं योगायोगात बसतच नव्हतं. कारण निघालं व्हिनाइल क्लोराइड वायू, ज्यापासून पीव्हीसी बनवतात. त्याच वर्षी अमेरिकेने कामाच्या जागी हवेतली त्याची मर्यादा ५०० पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आधी ५० वर आणली आणि मग १ पीपीएमचा नियम जाहीर केला.

[स्क्रीनवर: बोस्टन, १९७१]

इथे आठ तरुण मुलींना योनीमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर झाला होता. त्यांपैकी सात जणींच्या आईने गरोदरपणी डीईएस नावाचं हार्मोनचं औषध घेतलेलं होतं. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ मुलींच्या आयांपैकी एकीनेही ते घेतलं नव्हतं. रुग्ण फक्त आठ, पण तुलना चोख होती, म्हणून उत्तर मिळालं.

तुर्कस्तानातल्या काराइन गावात फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, घरोघरी होता. तिथे कारखाना नव्हताच. गावच्या दगडात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज होतं आणि त्याच दगडाची घरं बांधलेली होती. पर्यावरणातलं कारण म्हणजे दर वेळी धुराडं किंवा सांडपाणी नसतं, हे इथून लक्षात घ्या.

राहत्या वस्त्यांमध्ये मात्र उत्तर मिळणं फार अवघड जातं. अमेरिकेतल्या अशा ४२८ तपासांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ५६७ कॅन्सर-प्रकार तपासले होते. खरोखर वाढ दिसली ७२ मध्ये, आणि कारण स्पष्ट सापडलं फक्त एका तपासात. लोक खोटं बोलत होते असा याचा अर्थ नाही. आकडे लहान असले की योगायोग आणि कारण वेगळे काढता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. ती प्रत्यक्ष गणितातच बघू.

[स्क्रीनवर: ५,००० × १० × ४ ÷ १,००,००० = २]

समजा वस्ती ५,००० लोकांची, काळ १० वर्षं, आणि त्या कॅन्सरचा दर वर्षाला लाखामागे ४. म्हणजे अपेक्षित रुग्ण २. प्रत्यक्षात सापडले ५. अडीच पट! पण या अडीच पटीची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरी पट बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी ती, ०.८ ते ५.८ येते. खालचं टोक १ च्या खाली गेलं, म्हणजे वाढ आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि कुठेही काहीही प्रदूषण नसलेल्या अशा १,००० वस्त्या घेतल्या, तरी त्यांतल्या ५० हून जास्त वस्त्यांमध्ये निव्वळ योगायोगाने पाच किंवा अधिक रुग्ण निघतील. खऱ्या तपासात हा हिशोब वयोगटांनुसार करतात, कारण म्हाताऱ्या माणसांची वस्ती असेल तर रुग्ण आपोआप जास्त दिसतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हद्दीत. आधी रुग्णांची घरं नकाशावर मांडायची आणि मग त्यांच्याभोवती रेघ ओढायची, असं केलं तर वाढ दिसणारच. हद्द आणि वर्षं आधी ठरवा: पूर्ण गाव, पूर्ण वॉर्ड, जिथली लोकसंख्या अधिकृतपणे माहीत आहे. मग मोजा.

दुसरा घोळ काळाचा. रक्ताचा कॅन्सर संपर्कानंतर दोन-चार वर्षांत दिसू शकतो. चेर्नोबिलचा अपघात १९८६ चा, मुलांमधले थायरॉइडचे कॅन्सर साधारण १९९० पासून वाढले. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा मात्र वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो. त्यामुळे मागच्या वर्षी सुरू झालेला कारखाना यंदाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण असू शकत नाही, आणि वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला असू शकतो.

आरोग्य खात्याकडे जायचं असेल तर नुसतं निवेदन नेऊ नका, यादी न्या. प्रत्येक रुग्णामागे: बायोप्सीच्या रिपोर्टवरचं नेमकं निदान, निदानाची तारीख, त्या वेळचं वय, लिंग, त्या वेळचा पत्ता, तिथे किती वर्षं राहणं, आधीचे व्यवसाय, तंबाखूची सवय. हे सगळं कुटुंबाच्या संमतीने. कॅन्सर मुळात कुठे सुरू झाला ते नीट पाहा. आतड्यातून यकृतात पसरलेला कॅन्सर आतड्याचाच मोजतात; तो यकृतात धरला की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

पाण्याचा नमुना घरच्या बाटलीत भरू नका. प्रयोगशाळेकडूनच बाटल्या घ्या. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत बहुधा आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी, कारखान्यात वापरली जाणारी आणि चटकन उडून जाणारी द्रावकं तपासायची तर छोटी कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. द्रावक त्या हवेत उडून जातं आणि रिपोर्टमध्ये पाणी स्वच्छ दिसतं. शिवाय आजचा नमुना आजचं पाणी सांगतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या पाण्यासाठी जुने तपासणी-अहवाल मागावे लागतात.

शेवटी अहवाल येतो: ‘क्लस्टर सिद्ध झाला नाही’. याचा अर्थ ‘पाणी सुरक्षित आहे’ असा कुणी सांगितला, तर तो मान्य करू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उदाहरणार्थ, पाण्यातल्या आर्सेनिक या विषारी घटकामुळे कॅन्सर होतो हे आधीच सिद्ध झालेलं आहे, ते तुमच्या वस्तीत पुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. बोअरमध्ये त्याहून जास्त निघालं, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या स्रोताचं पाणी त्याच दिवसापासून घ्या. उकळून उपयोग नाही: पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.