दोन वूफर आणि न मिळणारे दोन ओहम

मंडळी, मागच्या आठवड्यात एक मुलगा गाडी घेऊन आला. डिकीत बारा इंची दोन वूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, शेजारी कोरा करकरीत मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प. सगळं घरपोच मागवलेलं. म्हणाला, "काका, फक्त जोडून द्या." मी कागद वाचले. ॲम्प २ ओहमच्या लोडला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) ५०० वॅट देणारा, त्याच्या खाली चालवू नका असं स्पष्ट छापलेलं. वूफर ड्युअल व्हॉइस कॉइलचे, म्हणजे प्रत्येकात शंकू (पुढचा पडदा) हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्या, प्रत्येक कॉइल ४ ओहमची. म्हटलं, "बाळा, ऑर्डर दिलीस तेव्हाच चुकलं. आता मी कसंही जोडलं तरी तुला २ ओहम मिळत नाहीत."

फळ्यावर मांडू. चार कॉइल, चारही ४ ओहमच्या. सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, म्हणजे पॅरलल: ४ भागिले ४, १ ओहम. एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, अशी चौघींची सिरीज: १६. आता मधली वाट. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेतल्या की ८ आणि ८. ते वूफर पॅरलल केले की ४. उलट करा, कॉइल पॅरलल आणि वूफर सिरीज, तर २ अधिक २, पुन्हा ४. एक, चार, सोळा. दोन कुठेच नाही.

१ वर जोडलं तर? तेवढ्याच व्होल्टेजला लोड निम्मा, म्हणजे करंट दुप्पट. आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात, प्रोटेक्शनचा लाल दिवा लुकलुकतो, आणि एक दिवस तोही लागत नाही. ४ वर जोडलं तर ॲम्प मजेत राहील, पण पॉवर साधारण निम्मी, आणि तीही दोघांत वाटायची.

इथे नेहमी कुणीतरी विचारतंच: प्रत्येक वूफरची एक कॉइल मोकळी सोडली तर? दोन कॉइल पॅरलल, २ ओहम! गणित बरोबर आहे. पण वूफरची पॉवर पेलायची ताकद जवळपास निम्म्यावर येते, शंकूवरची पकड सुटते, बेस सैल होतो. ज्या वूफरसाठी बॉक्सचं माप काढलं, तो वूफर आता राहिलाच नाही.

मग घ्यायचं काय होतं? तेच वूफर, पण २ ओहमच्या कॉइलचे. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये, ४ आणि ४. दोन वूफर पॅरलल, २. नाहीतर ४ ओहमच्या कॉइलचा एकच वूफर, कॉइल पॅरलल. मला विचाराल तर एकच घ्या, पण चांगला. डिकीत बॅगही ठेवायची असते.

दोन चॅनलचा ॲम्प ब्रिज करणाऱ्यांनी, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच वूफर चालवणाऱ्यांनी, एवढंच लक्षात ठेवा: ४ ओहम लावले तर प्रत्येक चॅनलला ते २ वाटतात.

वॅटचं बोलायचं तर बॉक्सवरचा मोठा आकडा सोडून द्या. आतल्या कागदावर आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारी पॉवर, शोधा आणि ॲम्पच्या आरएमएसशी ताडून बघा. कमी पॉवरने वूफर जळतो असं दुकानात सांगतात. कमी पॉवरने नाही हो जळत. आवाज पुरत नाही म्हणून माणूस गेन पिरगाळत जातो, ॲम्प क्लिप होतो, लाटेची डोकी छाटली जातात, आणि कॉइलला झेपेल त्याहून जास्त उष्णता तिच्यात साठत राहते. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ घालायचा तो खिट्टा आहे. वूफर काढून ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊणभर, ५० हर्ट्झचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, ॲम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० गुणिले २, म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. काटा तिथे आला की हात काढा. नंतर मित्राने कितीही आग्रह केला तरी.

बॅटरीकडचं काम थोडक्यात. क्लास डी ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॅटसाठी गाडीकडून ६२५ ओढणार, १३.८ व्होल्टला ४५ अँपिअर. त्याला जाड, अस्सल तांब्याची वायर लागते; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची घ्यायचीच झाली तर आणखी जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारा तोच. अर्थिंगची वायर आखूड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. माझ्या पहिल्या गाडीत मी रंगावरच स्क्रू मारला होता. इंजिन रेस केलं की स्पीकरमधून शिट्टी यायची, आणि दोन महिने मी स्टिरिओला शिव्या देत होतो.

टेबलावर तीन वूफर ठेवलेत, मुद्दाम लेबलं काढून. मल्टिमीटरने कॉइल मोजा. ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवेल, घाबरू नका. दीड व्होल्टचा सेलही आहे. त्याचा प्लस कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा, शंकू बाहेर आला पाहिजे. एकाच्या खुणा मी उलट्या केल्या आहेत. कोणता, ते शोधा.