सॅल्यूट कुणाला?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सातारा भागात मिलिटरी हा काही नवा विषय नाही. कुणाचा चुलता मराठा लाइट इन्फन्ट्रीत, कुणाचा मामा तोफखान्यात, कुणाची बहीण आता नर्सिंगमध्ये अधिकारी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. देशातली पहिली सैनिक शाळासुद्धा 1961 साली साताऱ्यातच निघाली. तेव्हा सावधान म्हणजे काय, विश्राम म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते सॅल्यूटबद्दल. जवान अधिकाऱ्याला सॅल्यूट का करतो, आणि तो नेमका कुणाला असतो?

पहिल्यांदा थोडा इतिहास, थोडाच. चिलखत घातलेले सरदार समोरच्याला तोंड दिसावं म्हणून शिरस्त्राणाची झडप वर करायचे, त्यातून सॅल्यूट आला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. कागदोपत्री सापडतं ते असं, की पूर्वी वरिष्ठापुढे टोपी काढायची रीत होती. 1745 साली कोल्डस्ट्रीम गार्ड्स या ब्रिटिश पलटणीत हुकूम निघाला, की साहेब समोरून गेले तर टोपी काढायची नाही, नुसता हात टोपीला लावायचा आणि मान लववायची. पुढे मान लववणं गेलं आणि हात तेवढा राहिला. डोक्यावर टोपी नसेल तर आपल्या लष्करात हातानं सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात, त्याचं मूळ हे असं टोपीत आहे. टोपी असेल तर सॅल्यूट, टोपी नसेल तर सावधान. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या तिन्ही दलांचे सॅल्यूट वेगळे. भूदलाचा तळवा समोर उघडा, बोटं आणि अंगठा जुळलेले. नौदलाचा तळवा खाली वळलेला. जहाजावर दोरखंड, तेल आणि ग्रीसनं हात काळे व्हायचे, ते दिसू नयेत म्हणून, असं कारण सांगतात. हवाई दलानं 2006 साली आपला सॅल्यूट बदलला, तो आता दोघांच्या मधला, जमिनीशी 45 अंशांत.

आता मुख्य गोष्ट. अधिकाऱ्याची नेमणूक होते ती राष्ट्रपतींच्या नावानं. त्याला कमिशन म्हणतात. तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती, आणि त्यांचा अधिकार त्या कमिशनातून पार पलटणीतल्या नव्या लेफ्टनंटपर्यंत पोचतो. सॅल्यूट त्या कमिशनला असतो. माणूस काळा की गोरा, कुणाचा कोण, वयानं थोरला की धाकटा, याचा त्यात संबंध येत नाही. पुन्हा सांगतो, सॅल्यूट कमिशनला असतो. आणि तितकंच महत्त्वाचं दुसरं, अधिकाऱ्याला तो परत करावाच लागतो. जवानानं सॅल्यूट केला आणि साहेब तसाच पुढे गेला, हे लष्करात बसत नाही. धाकट्यानं आधी करायचा, थोरल्यानं परत करायचा, बांधलेले दोघंही.

इथं मला एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या हॉटेलांच्या, सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन उभा असतो. साठीचा माणूस, कित्येकदा आपल्याच भागातला माजी सैनिक. प्रत्येक गाडीला त्यानं सॅल्यूट करायचा असा मालकाचा नियम. आणि गाडीवाला काच वर करून निघून जातो. ना मान हलवणं, ना हात वर करणं. मला हे फार लागतं. परत न करता नुसता घेतलेला सॅल्यूट म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे. एक तर हा नियम बंद करा, नाही तर गाडी थांबवून त्याला राम राम म्हणा.

असो. मला आज तुम्हाला खरं सांगायचंय ते एका झेंडावंदनाचं.

मी तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी शाळेवर शिक्षक होतो. गावात एक रिटायर सुभेदार होते, म्हणजे हुद्दा लेफ्टनंटच्या खालचा. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मराठा पलटणीत हयात गेलेली, जमीन चांगली, घेवडा आणि ऊस. शिस्त अशी, की तात्या रस्त्यानं आले की पारावरची पोरं विडी विझवायची. त्यांच्या शेतावर एक गडी होता, वर्षानुवर्षं सालानं राहिलेला. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन पाणी धरायला तोच जायचा. त्या गड्याचा पोरगा माझ्या हाताखाली शिकला. हुशार होता, पुढे कॉलेज केलं, परीक्षा दिल्या आणि लेफ्टनंट झाला. खांद्यावर दोन तारे लागले. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा ग्रामपंचायतीनं ठरवलं, की यंदा पंधरा ऑगस्टला साहेबांना वर्दीत बोलवायचं.

झालं, गावात कुजबुज सुरू झाली. आता तात्या काय करणार? ज्याच्या बापानं तात्यांच्या बांधावर पाणी धरलं, त्या पोराला तात्या सॅल्यूट करणार? काही जाणत्यांनी तर मला येऊन सुचवलं, की गुरुजी, खुर्च्या अशा मांडा, दोघं समोरासमोर यायलाच नकोत.

आदल्या संध्याकाळी तो पोरगाच माझ्याकडे आला. साध्या कपड्यात, पायात चप्पल. म्हणाला, "गुरुजी, तात्यांना तेवढं सांगा, मला सॅल्यूट करू नका म्हणावं. मला ते झेपायचं नाही. लहानपणी त्यांच्या ओसरीवर मी भाकरी खाल्लीय."

मी गेलो. तात्या सोप्यात बसून टोपीचा बिल्ला घासत होते. ब्रासोचा वास घरभर. मी निरोप सांगितला. तात्यांनी बिल्ला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, त्याला सांगा, हे तुझ्या मर्जीवर न्हाई. सॅल्यूट नको म्हणायचा त्याला अधिकारच न्हाई. ती वर्दी काय त्याच्या बापानं शिवलीय का माझ्या बापानं? सरकारनं दिलीय. सॅल्यूट नको असंल तर वर्दी घालून येऊ नको म्हणावं. आणि आला, तर परत कसा करायचा ते नीट करून ये म्हणावं. हात ढिला दिसला तर मी मागनं बोलणार."

मी तसाच निरोप पोचवला. पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "येतो."

सकाळी पावसाची भुरभुर होती. मुलं रांगेत, सरपंच, पंच, आयाबाया पदर डोक्यावरून घेऊन उभ्या. तात्या आले ते ब्लेझर घालून, डाव्या छातीवर मेडल, डोक्यावर पलटणीची हिरवी बेरे टोपी, एका बाजूला बरोबर कललेली. लेफ्टनंट गेटातून आत आला. ओली माती, त्यात बूट दाबून टाकत चालत आला. मी माइकजवळ होतो, दोघं माझ्यापासून चार पावलांवर आले.

तात्यांना समोर बघितलं आणि त्या पोराचा हात आपोआप वर जायला लागला. सवय हो, लहानपणापासूनचा मान! तात्या दबक्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं बोलले, "साहेब, थांबा. पहिला माझा."

आणि तात्यांनी सॅल्यूट केला. आता नीट ऐका. तात्यांच्या उजव्या हाताची करंगळी रिटायर झाल्यावर उसाच्या कोयत्यानं तुटता तुटता वाचली होती. ती पुन्हा कधी सरळ झाली नाही. चार बोटं जुळलेली, तळवा सपाट समोर, कोपर बरोबर खांद्याच्या रेषेत, आणि ती एक करंगळी बाहेर राहिलेली. ती आत यावी म्हणून तात्या जोर लावत होते, हाताच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. नजर मात्र सरळ साहेबांच्या डोळ्यांत. "जय हिंद, साहेब!"

लेफ्टनंटनं सॅल्यूट परत केला. कडक. "जय हिंद, सुभेदार साहेब!"

मैदानात कुणी हललं नाही. मग झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, वर्दीतल्या माणसानं झेंड्याला सॅल्यूट केला, तात्यांनी केला, बाकी आम्ही सावधान. मुलांनी कवायत करून दाखवली. (कवायत आता शाळांतून मागं पडत चाललीय. तिला आठवड्याचे दोन तास तरी द्यायला हवेत. पोरांची पाठ सरळ राहते, आणि दुसऱ्याबरोबर पाऊल टाकायची सवय लागते. शिक्षणखात्यातलं कुणी ऐकत असेल तर मनावर घ्या.)

कार्यक्रम संपला, जिलेबीचा वास यायला लागला. तेव्हा लेफ्टनंट तात्यांच्या खुर्चीपाशी गेला. टोपी काढली, डाव्या काखेत धरली आणि वाकून तात्यांच्या पायाला हात लावला. टोपी होती तोवर तो साहेब होता. टोपी काढल्यावर तो गावचा पोरगा होता, आणि वडीलधाऱ्याच्या पाया पडला. दोन्ही खरं. तात्यांनी पाठीवर हात ठेवला, मग इकडेतिकडे बघितलं. पोराचा बाप कुंपणाजवळ लिंबाखाली, गर्दीच्या मागं उभा होता, नेहमी उभा राहायचा तसाच. तात्या स्वतः उठून गेले, त्याचा दंड धरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "साहेबांचे वडील उभे का? खुर्ची आणा!" पहिल्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी बसवलं. तो माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला होता, हातातली जिलेबीची प्लेट सांडेल इतका हात थरथरत होता. गावात तो पहिल्यांदा खुर्चीवर बसलेला मी बघितला. त्या दिवसानंतर तात्यांच्या घरातही त्याला अहोजाहो सुरू झालं, ते शेवटपर्यंत.

मग मुलांनी लेफ्टनंटला वर्गात नेलं आणि प्रश्नांचा भडिमार केला. "हातात बंदूक असेल तर?" तर हातानं नाही, शस्त्रानं सलामी द्यायची, हुकूम असतो सलामी शस्त्र. "लढाईत पण सॅल्यूट करता?" तो म्हणाला, नाही. शत्रूच्या टप्प्यात कुणी कुणाला सॅल्यूट करत नाही, कारण लांबून दुर्बिणीतून बघणाऱ्याला लगेच कळतं साहेब कोण, आणि पहिली गोळी त्यालाच. दारात उभे असलेले तात्या म्हणाले, "साहेब कोण ते आपल्याला ठाऊक असतंय. दुश्मनाला कशाला सांगायचं?"

एका मुलीनं विचारलं, "मग सॅल्यूट घेऊन साहेब करतो काय?" लेफ्टनंटनं थोडा विचार केला आणि सांगितलं, "जवान जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आणि पुढे जायची वेळ आली की मागं राहायचं नाही."

श्रोतेहो, हे नुसतं बोलण्यापुरतं नसतं. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी, 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. 2015 च्या नोव्हेंबरात काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांचा माग काढताना ते स्वतः पुढे होते, आणि तिथंच शहीद झाले. पोगरवाडीत जवानांनी त्यांना शेवटची सलामी दिली. 2017 साली त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या खांद्यावरच्या ताऱ्यांनाही मग जवान सॅल्यूट करू लागले.

जाता जाता झेंडावंदनाचं सांगतो, कारण दरवर्षी मला कुणी ना कुणी विचारतं. तुम्ही वर्दीत असाल तर झेंड्याला सॅल्यूट. साध्या कपड्यात असाल तर झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, ध्वजसंहितेत तसंच सांगितलंय. हात शिवणीला, नजर झेंड्यावर. मोबाइल खिशात ठेवा, फोटो राष्ट्रगीत संपल्यावर काढा. आणि गावात कुणी माजी सैनिक असतील, तर त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलावणं करा, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा.

नमस्कार.