पोटावरचा आकडा

(दृश्य : अंधार. होडीचा कठडा. टॉर्चच्या उजेडात उघडलेला डबा.)

पहाटेचे साडेपाच. भिगवणजवळचा उजनीचा फुगवटा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. इथं लोक येतात ते रोहित पक्षी बघायला आणि चिलापी खायला. रोहित आम्हीही मार्चच्या खेपेत पोटभर चित्रित केले, पण ते या गोष्टीत नाहीत.

गोष्ट या डब्यातली आहे. अकरा मासे, त्यातला एकही खरा नाही. गळ टाकणारे यांना लुअर म्हणतात. रबरी बेडूक नि रबरी अळ्या वेगळ्या; हे लाकडाचे किंवा कडक प्लॅस्टिकचे, म्हणून हार्ड लुअर. रोहूला कणकेची गोळी चालते, तो वासाला येतो. मरळ, शिवडा, महाशीर हे शिकारी. त्यांना समोरून काहीतरी पळताना दिसावं लागतं. गढूळ पाण्यात दिसलं नाही तरी जाणवतं, कारण माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत जी बारीक रेघ असते ना, ती पाण्यातली थरथर टिपते.

यातला एक उलटा करून बघू.

(दृश्य : अंगठ्याखाली लुअरचं पोट. पेन्सिलची अक्षरं.)

'अडीच हात.'

(दृश्य : पेठेतला बोळ. करवतीचा आवाज आधी, माणूस नंतर.)

हे मिस्त्रीकाका. धंदा सुतारकीचा. देव्हारे, कपाटं, कुणाच्या पलंगाचा मोडलेला पाय. दुकानाच्या मागच्या फळीवर मात्र एक पोतं आहे, त्यात पांगाऱ्याचे तुकडे. पांगाऱ्याचं लाकूड हलकं. सावंतवाडीची खेळणी याचीच व्हायची. काकांनी आधी सागावर हात चालवून पाहिला होता. 'दिसायला झकास झाला, पाण्यात दगडासारखा गेला.'

पुढची चार मिनिटं आम्ही कापलेली नाहीत, आणि कापणारही नाही.

(दृश्य : सलग. हात, चाकू, भुसा.)

आधी कागदावर माशाचा आकार. उजनीत चिलापी भरपूर, म्हणून काका अंगानं जरा रुंद, चपटा मासा काढतात. बारीक पात्याच्या करवतीनं बाहेरची रेघ. मग चाकू. शेपटीकडून डोक्याकडे नाही, डोक्याकडून शेपटीकडे. उलटा चाकू लागला की पांगारा फुलतो आणि सालटं निघतात. मग काचकागद, आधी खरखरीत, मग मऊ.

आता पोटाला उभी चीर. त्या चिरेत स्टीलची एकच तार, नाकापासून शेपटीपर्यंत. नाकाशी एक कडी, पोटाशी एक, शेपटीशी एक. तिन्ही कड्या त्या एकाच तारेच्या. नुसत्या कड्या लाकडात पिळून बसवल्या तर मोठा मासा त्या उपटून नेतो. एकसंध तार असली की लाकूड फुटलं तरी दोरा आणि गळ एकमेकांना धरून राहतात. तारेच्या शेजारी पोटात शिशाचा तुकडा. वजन खाली असलं की मासा पाण्यात उताणा होत नाही. शिसं किती घालायचं याचं माप काकांकडे नाही. तुकडा चिमटीत धरतात, ओठ काढतात, अर्धा कापून टाकतात.

आणि जीभ. लुअरच्या तोंडाखाली पारदर्शक पट्टी असते, ती. बाजारात तिला लिप म्हणतात. काका ती जुन्या सीडीतून कापतात. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, पातळ आणि चिवट. वरचा चंदेरी थर खरवडला की खाली स्वच्छ पट्टी मिळते. या माशाची जीभ कधीकाळी भजनाची सीडी होती, असं काका म्हणतात. आम्ही वाजवून पाहिलेली नाही.

(दृश्य : औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं.)

अंगावरची चांदी या पाकिटांची. वरचं चंदेरी पान सोलून, पिठाच्या चाळणीवर बोटानं दाबलं की जाळी उमटते. झाले खवले.

ही युक्ती जुनी आहे, आणि फार लांबून आलेली आहे. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या मच्छीमारानं १९३६ मध्ये कॉर्कचा, म्हणजे बाटलीच्या बुचाचा, असाच मासा कोरला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. तळ्यात होडी वल्हवताना त्यानं एक गोष्ट पाहिली होती : मोठा मासा थव्यावर धावतो तेव्हा निवडतो तो नेमका हेलकावत पोहणारा, जायबंदी मासा. त्यानं कोरलेला मासा तसा हेलकावला. आज जगभरच्या दुकानांत त्याचं नाव लिहिलेले खोके आहेत. काकांकडेही एक आहे, त्यात खिळे ठेवलेत.

(दृश्य : वाड्याचं अंगण, सिमेंटचा हौद. छोटा कॅमेरा पाण्याखाली.)

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी नळानं आणून या पेठांतले हौद भरले. हा हौद तेवढा जुना नाही. भाडेकरूंच्या धुण्याचा आहे. लांबी जेमतेम चार पावलं. पण लुअर पास की नापास, ते इथंच ठरतं.

पाण्याखालून बघा. काका दोरा ओढतात. पाणी जिभेवर आपटतं आणि तिला खाली दाबतं, म्हणून मासा बुडी मारतो. ते पाणी जिभेच्या कडांवरून आळीपाळीनं निसटतं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. म्हणून अंग हलतं. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. बस, एवढंच यंत्र आहे. ना बॅटरी, ना चावी.

जीभ आखूड आणि खाली झुकलेली असेल तर मासा वरच्या वर राहतो आणि जोरात डोलतो. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत पुढं आलेली असेल तर खोल जातो. दुकानात लुअर हातात घ्याल तेव्हा रंगाआधी हे बघा. रंगाबद्दल काका जास्त बोलतच नाहीत. निवळ पाण्याला चंदेरी, गढूळ पाण्याला पोपटी नाहीतर काळा. संपलं.

(दृश्य : लुअर एका बाजूला कलतो, हौदाच्या भिंतीला घासतो.)

हा डावीकडे पळतोय. नापास?

नाही. काका पक्कड घेतात, मासा शेपटीकडून धरून त्याचं नाक आपल्याकडे करतात आणि नाकातली कडी केसभर उजवीकडे वाकवतात. पळतो त्याच्या उलट. पुन्हा हौद. आता उजवीकडे. पुन्हा पक्कड. सातव्या खेपेला सरळ आला. विकतच्या महागड्या लुअरलाही हेच करावं लागतं. खोक्यातून काढलेला प्रत्येक मासा सरळच पोहेल असं नाही, आणि खडकावर एकदा आपटला की पुन्हा पक्कड काढायचीच.

(दृश्य : पुन्हा फुगवटा. तांबडं फुटतंय. पाण्यातून वर आलेली बाभळीची खोडं.)

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस अजून नाही. धरण पार उतरलंय, आणि एरवी पाण्याखाली असलेल्या बाभळी डोकी वर काढून उभ्या आहेत. जलाशयातली मासेमारी ठेक्यानं आणि परवान्यानं चालते. गळ टाकायचा तरी आधी विचारावं लागतं. आम्ही विचारलं होतं. होडी ज्या भोईदादांची, तेच वल्ह्यावर आहेत.

पहिलं काम गळ टाकण्याचं नाही, मोजण्याचं. सुतळीला हाता-हातावर गाठी, टोकाला नट. सुतळी सोडली, तळ लागला : तीन हात. आता लुअर लांब टाकायचा, काठीचं टोक पाण्याकडे झुकवायचं आणि सारख्या गतीनं रीळ फिरवायचं. जीभ चिखलाला घासली की काठीत गुदगुल्या होतात. इथं घासली नाही. होडी थोडी काठाकडे घेतली, अडीच हातांवर घासली. नवा मासा अडीच हात जातो. दोरा जाड घेतला तर पाणी त्यालाच अडतं आणि मासा कमी खोल जातो, म्हणून मोजताना आणि वापरताना दोरा एकच.

'तीन हात पाण्याला अडीच हातांचा. तळापासून वीतभर वर. मरळीचं तोंड वरच्या बाजूला, डोळे वर. तिच्या खालून नेऊन उपयोग काय?'

मग बाभळी. इथं नवशिके दहा मिनिटांत दोन लुअर घालवतात. काका तरंगणारा लुअर मुद्दाम खोडांवर नेतात. बघा, जीभ आधी आपटते, गळ तिच्या मागं झाकलेले राहतात. आपटला की काका थांबतात. दोरा सैल. मासा आपोआप वर येतो, उलटा सरकतो, फांदीतून सुटतो. पुन्हा रीळ. घाबरून ओढलं की रुतलाच. बहुतेक वेळा माशाचा फटका बसतो तोही याच थांबण्यात.

बुडणारे लुअर वेगळे. ते टाकायचे आणि मोजायचं, एक, दोन, तीन. ढोबळ हिशेब सेकंदाला फूटभर, पण ज्यानं त्यानं आपला तपासावा. तिसरी जात मधल्या मध्ये लटकणारी. थंडीत जो लुअर लटकतो तो उन्हाळ्यात हळूहळू बुडायला लागतो, कारण कोमट पाणी हलकं असतं. आणि पाण्याच्या वरचे, पॉपर आणि पेन्सिल. पॉपरचं तोंड वाटीसारखं, झटका दिला की 'पुळुक' वाजतं. जलपर्णीच्या कडेला, सकाळी पहिल्या अर्ध्या तासात. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून वरचा आवाज तिच्या ओळखीचा.

(दृश्य : पाणी. अचानक कॅमेरा आकाशाकडे जातो.)

हा फटका आमच्याकडे नाही. कॅमेरावाल्याच्या पायाखालची फळी सरकली. आवाज तेवढा आलाय, ऐका.

(दृश्य : होडीत ओलं फडकं. त्यावर मरळ.)

तोंडात एकच आकडा. जबड्याच्या कोपऱ्यात. पक्कड, अर्धं मनगट, सुटला. अकरा सेकंद. घड्याळ आम्ही मागाहून लावलं.

आता हे जरा सावकाश दाखवायचं आहे.

(दृश्य : दुकानातलं बाक. जवळून : तीन आकड्यांचा गळ.)

बाजारातला लुअर येतो तो असा. पोटाला तीन आकडे, शेपटीला तीन. प्रत्येकाला उलटा काटा. काका दोन्ही गळ काढून टाकतात. कडी नखानं उघडत नाही, चाकूच्या टोकानं उचकटावी लागते. त्या जागी एकेकच आकडा. पोटावरच्याचं टोक पुढं, शेपटीवरच्याचं वर. गळाचं भोक आडवं असेल तर आकडा तिरका लोंबतो, म्हणून घेताना भोक बघून घ्यायचं. मग उलटा काटा पकडीत धरून दाबायचा. कट. बोट फिरवलं की तिथं फक्त उंचवटा लागतो.

सहाच्या जागी दोन आकडे आले की वजन घटतं आणि मासा जास्त तरंगायला लागतो. म्हणून जरा मोठा आकडा, आणि पुन्हा हौद. मासे कमी लागतात का? काका म्हणतात, सुटतात थोडे जास्त. दोरा ढिला पडला की गेला. म्हणून दोरा ताठ ठेवायला शिकायचं.

महाशिराच्या पाण्यात तर तीन आकड्यांचा गळ तसाही टिकत नाही. त्याचा जबडा बारीक आकडे चेपून टाकतो. महाशीर इथलाच. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवला तो पुण्याच्या मुळा-मुठेतला, आणि त्याच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' त्यानं इथल्याच बोलीतून उचललं. आता त्याची पिल्लं लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात वाढवून नद्या-तळ्यांत सोडतात. त्या नदीचं आजचं चित्र आम्ही घेतलेलं नाही.

(दृश्य : भोईदादांचा हात. बोटावर वण. मांडीवर फाटकं जाळं.)

तुटलेले लुअर बाभळीतच राहतात. गळ जाळ्यात येतात, बोटात येतात, पाणकावळ्याच्या पंखात येतात.

(दृश्य : पाणी. उन्हात, कडेला, परातीएवढा तांबूस डाग. डाग हलतो.)

ही मरळीची पिल्लं. शेकड्यानं. मध्येच सगळी एकदम वर येतात, श्वास घेतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली त्यांचे आईबाप असतात. या डागावरून काहीही ओढा, बेडूक, पॉपर, चमच्यासारखा पत्र्याचा लुअर, ते येणारच. भूक असो नसो. गळ टाकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि असे काढलेले फोटो मोबाइलवर पुष्कळ फिरतात.

काकांची काठी वर होती. पुढं काय झालं ते बघा.

(निवेदन नाही. पंचवीस सेकंद. पाण्याचा आवाज.)

(दृश्य : संध्याकाळ. दुकान. दिवा.)

घरी आल्यावर लुअर गोड्या पाण्यातून आलाय म्हणून तसाच डब्यात टाकत नाहीत. आकडे पुसायचे, रात्रभर वाऱ्यावर ठेवायचे, नाहीतर एकाचा गंज शेजारच्याच्या पोटावर उमटतो. नव्या माशाच्या पाठीवर चार खाचा पडल्यात, मरळीच्या दातांच्या. त्यातून पाणी आत गेलं तर पांगारा फुगेल. 'वाळू दे आधी,' काका म्हणतात. 'मग वार्निश.'

खाचांत उडालेला रंग? तो ते पुन्हा लावत नाहीत.

वार्निशाआधी एकच काम राहिलंय. मासा उलटा. कानावरची पेन्सिल.

(दृश्य : जवळून. अक्षरं उमटताना. 'अडीच हात.')