भिंतीची कोणती बाजू?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने चित्रपटाचे परीक्षण इंग्रजीत लिहिले आणि ते आपल्यापुढे ठेवून 'जरा तपासून द्या' असे म्हटले, तर आपण ते कसे तपासावे, आणि लिहिणाऱ्याने आपल्याकडून नेमके काय मागून घ्यावे, याविषयी आज मी बोलणार आहे. नागपुरात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. या काळात शेकडो वह्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि तपासणे म्हणजे काय हे मला त्यांतल्या एका वहीतल्या एका वाक्याने शिकवले. ते वाक्य मी आज आपल्याला सांगणार आहे.

त्याआधी थोडेसे परीक्षणाविषयी. मी निबंधापेक्षा चित्रपटाचे परीक्षण लिहायला सांगतो, याचे कारण साधे आहे. 'माझा आवडता सण' या विषयावर मुलाने काही लिहिले, तर त्याच्या मनात कोणता सण होता, कोणते घर होते, हे मला ठाऊक नसते. चित्रपट मात्र त्यानेही पाहिलेला असतो आणि मीही पाहिलेला असतो. त्याच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ लागला नाही, तर चित्रपट आम्हा दोघांचा साक्षीदार असतो. शिवाय परीक्षणात कथा सांगावी लागते, मत द्यावे लागते आणि त्या मताचे कारणही द्यावे लागते. पाठ केलेल्या वाक्यांवर पहिला परिच्छेद निभावतो, दुसऱ्यापासून स्वतःचे बोलावेच लागते.

आता ती गोष्ट. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणारे नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. बारसे सर येथील हिस्लॉप महाविद्यालयात होते, आणि त्यांच्यावरून बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. चित्रीकरण आपल्याच शहरात झाले आणि वस्तीतल्या मुलांच्या भूमिकांत आपल्याच शहरातली मुले दिसली, त्यामुळे त्या मार्चमध्ये माझ्या संध्याकाळच्या वर्गात दुसऱ्या चित्रपटाचे नाव निघत नव्हते.   

माझ्या वर्गात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी येत असे. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतून ती सायकलने यायची. तिचे शिक्षण मराठी माध्यमातले, शब्दसंग्रह मोजका, पण लिहिण्याची हौस मोठी. तिने या चित्रपटाचे सव्वा पानाचे परीक्षण लिहून आणले. पहिला परिच्छेद सगळ्यांचा असतो तसाच होता: 'धिस फिल्म इज व्हेरी नाइस अँड हार्ट टचिंग.' दुसऱ्यात कथा होती. तिसऱ्या परिच्छेदात ती त्या चित्रपटातल्या भिंतीकडे वळली. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना ती भिंत आठवत असेल. एका अंगाला महाविद्यालयाचे मैदान, दुसऱ्या अंगाला वस्ती, आणि मध्ये भिंत. त्या भिंतीविषयी दोन-तीन वाक्ये लिहून झाल्यावर तिने हे वाक्य लिहिले होते: 'आय ॲम लिव्हिंग इन धिस साइड ऑफ वॉल ओन्ली.'

पुन्हा सांगतो, 'आय ॲम लिव्हिंग इन धिस साइड ऑफ वॉल ओन्ली.'

मी लाल पेन उचलला. राहण्याचे ठिकाण कायमचे, म्हणून 'ॲम लिव्हिंग' खोडून 'लिव्ह' केले. 'साइड'च्या आधी 'इन' चालत नाही, म्हणून 'ऑन' केले. 'ओन्ली' हा आपला मराठी 'च' आहे, तो इंग्रजीत असा शेवटी चिकटत नाही, म्हणून तो काढला. 'वॉल'च्या आधी काहीच नव्हते, तेथे 'द' घातला. आणि महाविद्यालयाच्या मैदानाचा उल्लेख आधी आलेला असल्यामुळे 'धिस साइड'च्या जागी 'द अदर साइड' लिहिले. एका वाक्यात पाच दुरुस्त्या झाल्या, आणि वाक्य तयार झाले: 'आय लिव्ह ऑन द अदर साइड ऑफ द वॉल.' व्याकरणाने निर्दोष, ओघवते, कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असे. मला ते फार आवडले, आणि समासात मी तिच्यासाठी 'छान' असा शेराही लिहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. सगळे परीक्षण तिने सुवाच्य अक्षरात नव्याने उतरवून आणले होते. माझी प्रत्येक दुरुस्ती घेतली होती, फक्त त्या एका वाक्याची जागा कोरी सोडली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, 'अदर साइड' म्हणजे पलीकडची बाजू ना? मी तर अलीकडे राहते."

मी तिला समजावू लागलो. चित्रपटात महाविद्यालय आधी येते, तिथले सर वस्तीकडे पाहतात, म्हणून वाचकाच्या दृष्टीने वस्ती पलीकडे ठरते, असे मी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, हे परीक्षण तर मी लिहिलं आहे ना?"

श्रोतेहो, त्या वेळी कूलरचा आवाज सोडला तर वर्गात दुसरा आवाज नव्हता. मी पेन खाली ठेवला आणि जे आदल्या दिवशीच विचारायला हवे होते ते तिला विचारले, "तुला मराठीत काय म्हणायचं होतं ते सांग बरं."

ती म्हणाली, "सर, ही चित्रपटातली भिंत नाही. आमच्या घरामागे तशीच एक भिंत आहे. तिकडे मोठं मैदान आहे. बॉल तिकडे गेला की भावाला गेटवरून फिरून जाऊन मागावा लागतो. मी भिंतीच्या ह्याच बाजूला राहते, असं मला म्हणायचं होतं."

आता माझ्या पाच दुरुस्त्यांचा हिशेब पाहा. 'लिव्ह' बरोबर होते, 'ऑन' बरोबर होते. 'द' चूक होता, कारण 'द वॉल' म्हटले की आधी सांगितलेली भिंत, म्हणजे चित्रपटातली भिंत. तिला तर वेगळी, वाचकाला अजून माहीत नसलेली भिंत सांगायची होती, आणि तिच्यासाठी 'अ वॉल' हवे होते. मराठीत आपण आधी 'एक भिंत' म्हणतो आणि नंतर 'ती भिंत' म्हणतो. इंग्रजीत जवळपास तेच काम 'अ' आणि 'द' करतात, फक्त मराठीत ते शब्द गाळले तरी चालते आणि इंग्रजीत चालत नाही. तिने शब्द गाळला होता, ही तिची चूक. पण गाळलेल्या जागी कोणता शब्द बसतो, हे तिला विचारल्याशिवाय मला ठरवता येणारच नव्हते. 'ओन्ली' काढला तो व्याकरणासाठी योग्यच होता, परंतु त्या 'च'मध्ये तिच्या वाक्याचा सगळा जोर होता आणि त्या जोराची दुसरी सोय मी केली नव्हती. आणि 'द अदर साइड' ही दुरुस्ती नव्हतीच. तिचे इंग्रजी तेथे मुळीच चुकले नव्हते. ती कोठे उभी राहून बोलते आहे, तेच मी बदलून टाकले होते.

मग आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य पुन्हा बांधले. एका वाक्याची दोन केली. 'देअर इज अ वॉल लाइक दॅट बिहाइंड अवर हाउस. आय लिव्ह ऑन धिस साइड ऑफ इट.' मराठीतला 'च' इंग्रजीत बहुधा एखाद्या शब्दाने येत नाही, तो आवाजाच्या जोराने किंवा वाक्याच्या जागेने येतो. म्हणून तिने ते दुसरे छोटे वाक्य परिच्छेदाच्या अगदी शेवटी ठेवले. कोठे ठेवायचे हे मी सुचवले नाही, ते तिला आपोआप सुचले.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक पद्धत आहे, आणि आपण आजच्या भाषणातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ती न्यावी. इंग्रजी परीक्षण तपासायला देताना, ज्या वाक्याविषयी मनात शंका असेल त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने मराठीत लिहावे, की मला असे म्हणायचे आहे. पुन्हा सांगतो: मला असे म्हणायचे आहे, एवढे मराठीत, समासात, पेन्सिलीने. इंग्रजीच्या वहीत मराठी लिहू नये असा नियम अनेक ठिकाणी असतो, आणि तो नियम मला मुलांच्या हिताचा वाटत नाही. ज्या भाषेत मूल विचार करते ती भाषा वहीबाहेर काढली, तर तपासणाऱ्याला अंदाजावर काम करावे लागते, आणि माझा अंदाज कसा चुकला ते आपण आत्ताच ऐकले. मोबाइलमधली व्याकरण सुधारणारी साधने आता हाताशी आहेत, ती 'इन'चे 'ऑन' झटकन करून देतात, पण घरामागच्या भिंतीविषयी ती आपणहून विचारतील अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

मागणाऱ्याने आणखी एक करावे. 'सर, चेक करून द्या' एवढेच म्हणू नये. असे म्हटले की समोरचा माणूस पहिल्या ओळीपासून लाल खुणा करत सुटतो. त्याऐवजी नेमका प्रश्न विचारावा. माझे मत तुम्हाला कळले का? शेवट उघड न करता कथा सांगणे मला साधले का? कथा सांगताना माझा काळ मध्येच बदलतो का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या मुलांनी अवश्य विचारावा, कारण इंग्रजी परीक्षणात कथा साधारणपणे साध्या वर्तमानकाळात सांगतात आणि आपण एका वाक्यात भूतकाळात, तर दुसऱ्यात 'इज प्लेइंग', 'इज गोइंग' असे फिरत राहतो.

तपासणाऱ्याने सगळेच तपासू नये. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते, की घाईत सुटलेली चूक वेगळी आणि शिकणाऱ्याच्या मनात तयार झालेल्या नियमातून आलेली चूक वेगळी. पहिली त्याची त्याला सापडते. दुसरी त्याला सापडत नाही, कारण त्याच्या लेखी ती चूकच नसते. 'स्मॉल स्मॉल बॉइज' असे जो लिहितो तो निष्काळजी नाही. त्याने 'लहान लहान मुले' हा मराठीचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीत पाळलेला आहे. 'चित्रपट कंटाळवाणा होता' असे सांगताना जो 'आय वॉज बोअरिंग' लिहून बसतो, त्याला 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' यांतला फरक एकदा नीट उलगडून सांगितला की पुढच्या दहा परीक्षणांचे काम होते. अशा दोन नियमांच्या चुका निवडाव्या आणि बाकीच्या त्या दिवसापुरत्या सोडून द्याव्या. सोडून देणे जमत नाही, हे मला ठाऊक आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट या अभ्यासकाने तर परकी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातले व्याकरण दुरुस्त करणे थांबवावे, इतकी टोकाची भूमिका घेतली आणि त्यावर पुढे मोठा वाद झाला. मी तेवढ्या टोकाला जाणार नाही. दुरुस्ती हवी, पण ती मजकुराला उत्तर दिल्यानंतर हवी. भिंतीविषयी लिहिणाऱ्या मुलीला आधी भिंतीविषयी विचारावे, 'इन' आणि 'ऑन' नंतर पाहावे.

त्या मुलीने वर्षभरात आणखी सहा परीक्षणे लिहिली. पहिल्या दोहोंत समास पेन्सिलीच्या मराठीने भरून गेलेला असे. पुढे पुढे मराठी कमी होत गेले. सहाव्या परीक्षणात समासात एकच ओळ होती, 'सर, येथे द की अ, हे मला माहीत आहे, फक्त वाक्य जड झाले का ते सांगा.' वाक्य जड झाले होते. मी तसे सांगितले, आणि ते कोठे तोडायचे ते तिच्यावर सोडले.

नमस्कार.